स्ट्रॉबेरीचा केक आणि कोंबडीचा डबा: जपानी नाताळच्या ताटामागचा इतिहास

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी टोकियोच्या लोकलमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. ऑफिस सुटून घरी निघालेली माणसं एका हाताने वरची कडी धरून उभी असतात आणि दुसऱ्या हातात पांढऱ्या पुठ्ठ्याचा चौकोनी डबा असतो. गाडी वळणावर कलली की माणूस कलतो, पण डबा कलत नाही. आत मऊ स्पंजचा गोल केक असतो. त्यावर दुधाच्या सायीचं पांढरंशुभ्र फेटलेलं क्रीम, क्रीमवर लालभडक स्ट्रॉबेरी, शेजारी साखरेचा बोटभर सांताक्लॉज आणि चॉकलेटची एक पातळ पाटी. घरी गेल्यावर तो सांता कोणी खायचा यावरून भावंडांची भांडणं ठरलेली.

हा केक नंबराने विकतात. चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर. एक नंबर म्हणजे एक ‘सुन’, म्हणजे जुनं जपानी माप, सुमारे ३ सेंटिमीटरचं. पाच नंबरचा केक १५ सेंटिमीटर व्यासाचा, चौकोनी कुटुंबाला नीट पुरणारा. परदेशातून आलेला म्हणून मिरवणारा हा पदार्थ आजही सुतारांच्या जुन्या मापाने मोजला जातो. मला त्याच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या मापातच दिसते.

केकच्या जोडीला तळलेली किंवा भाजलेली कोंबडी, आणि लहान मुलांसाठी शॅम्पेनसारखी फसफसणारी गोड पेयाची बाटली. ख्रिश्चनांची संख्या जेमतेम एक टक्का असलेल्या, नाताळची सुट्टीही नसलेल्या देशात हे जेवण घरोघरी कसं पोचलं? या प्रश्नाचं एक तयार उत्तर जगभर फिरत असतं: १९७४ साली एका अमेरिकी कोंबडीच्या कंपनीने जाहिरात केली आणि अख्खा देश तिला भुलला. गोष्ट सांगायला सोपी आहे, पण ती फार तोकडी आहे असं मला वाटतं. जाहिरात आली तेव्हा ताट जवळपास मांडून झालं होतं. साखर, अंडी, दूध, बर्फाचं कपाट, स्वस्त कोंबडी या गोष्टी सामान्य जपानी घराच्या आवाक्यात कधी आणि कशा आल्या, त्याचा हिशेब म्हणजे हे ताट.

सुरुवात मात्र आपल्या किनाऱ्यापासून करावी लागते. कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस मायदेशातून पळून मलाक्कामार्गे गोव्यात आला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि १५४८ साली गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यालाच वाटाड्या म्हणून सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरला. जुन्या गोव्यात ज्याच्या शवाच्या दर्शनाला आजही रांगा लागतात, तोच हा झेवियर. पुढे १५५२ साली यामागुची गावात त्याच्या सहकाऱ्यांनी नाताळची प्रार्थना केली. जपानमधला नोंदलेला पहिला नाताळ म्हणून तिचाच दाखला देतात, आणि यामागुची शहर दर डिसेंबरात ही ओळख अभिमानाने मिरवतं.

या पाद्र्यांबरोबर आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर साखर आली, आणि साखरेबरोबर मिठाया आल्या. लुईश फ्रोइश हाही गोव्यात शिकून जपानला गेलेला जेझुइट, म्हणजे झेवियरच्याच संघाचा पाद्री. १५६९ साली तो क्योतोत ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला भेटला, तेव्हा त्याने काचेच्या बरणीतून काटेरी खडीसाखरेसारखी रंगीत मिठाई नजर केली. पोर्तुगीज ‘कॉन्फेइतु’ची जपानीत ‘कोंपेइतो’ झाली, आणि ती आजही मिळते. आपल्या हलव्यावर काटा आणायला जशी कढईत फिरवत फिरवत पाकाची पुटं चढवतात, तसंच हे काम. कोंपेइतोच्या एका घाण्याला दोन-दोन आठवडे लागतात.

आपल्या गोष्टीसाठी त्याहून महत्त्वाचा पदार्थ म्हणजे कास्तेरा. अंडी, साखर आणि मैदा यांचा हा लांबट, पिवळसर, ओलसर स्पंज नागासाकीत रुजला. नागासाकीतलं फुकुसाया हे दुकान आपली स्थापना १६२४ची सांगतं. जपानी स्वयंपाकघरात भट्टी नव्हती, म्हणून कारागिरांनी खाली कोळसे आणि झाकणावरही कोळसे ठेवून कास्तेरा भाजायची युक्ती काढली. गोव्यातल्या वाचकाला हे चित्र चटकन दिसेल, कारण बेबिंकाचा एकेक थर घरी असाच वरून निखारे ठेवून भाजत. पोर्तुगीज गलबतं जिथे जिथे थांबली, तिथे अंडी-साखरेच्या मिठाया स्थानिक चुलीला जुळवून घेत गेल्या. जपानमध्ये त्या जुळवाजुळवीतून स्पंज ओळखीचा झाला, आणि तीनशे वर्षांनी नाताळचा केक याच ओळखीवर उभा राहिला.

धर्माची कहाणी मात्र रक्ताळली. १५८७ साली नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम काढला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यांत एक वसईचा होता: गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज बाप आणि इथली आई असलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मधल्या काळात व्यापारात पडला, फ्रान्सिस्कन झाला आणि हिदेयोशीच्या दरबारात दुभाष्या म्हणून उभा राहिला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. वसईतलं कॉलेज आणि गासचं चर्च त्याच्याच नावाचं. वसईच्या माणसाला जपान इतकं परकं वाटायचं कारण नाही.

१६१४च्या बंदीनंतर जे ख्रिश्चन उरले ते लपून राहिले. नागासाकीच्या आसपासच्या बेटांवर त्यांनी अडीचशे वर्षं प्रार्थना तोंडपाठ सांभाळल्या, सणांच्या तारखा सांभाळल्या. त्यांच्या बोलीत ख्रिस्तजन्माच्या सणाला शब्द होता ‘नातारा’. आपला ‘नाताळ’ आणि त्यांचा ‘नातारा’ एकाच पोर्तुगीज ‘नाताल’ची लेकरं. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्यापाशी थांबले होते. १८७३ साली बंदीच्या पाट्या उतरल्या. पण आजचा नाताळ या लपलेल्या लोकांकडून आलेला नाही, तो दुसऱ्याच दाराने आला.

ते दार होतं योकोहामाचं. १८५९ साली बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि परदेशी वस्तीबरोबर पाव, लोणी, बिस्किटं आली. वरून सरकारी उत्तेजनही होतं. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला वर्षाच्या ठरावीक महिन्यांत बंदी घातली होती, आणि पुढच्या हजारेक वर्षांत बौद्ध विचाराखाली जनावराचं मांस ताटातून बरंचसं मागे पडलं होतं. १८७२ साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याची बातमी मुद्दाम जाहीर करण्यात आली. पाश्चात्त्य खाणं ही देश बलवान करण्याची खटपट ठरली. १९०० साली मेइदिया या किराणा दुकानाने टोकियोच्या गिंझा भागात दुकान थाटलं आणि नाताळची सजावट मांडली. गिंझातली ती रोषणाई बघायला लोक येऊ लागले.

१९१० साली फुजिई रिन्एमोन यांनी योकोहामाच्या मोतोमाची भागात ‘फुजिया’ नावाचं मिठाईचं दुकान काढलं आणि त्याच वर्षी नाताळचा केक विकायला ठेवला. तो आजच्यासारखा नव्हता. सुक्या फळांचा जड केक, वर साखरेचं कवच आणि चांदीच्या रंगाच्या बारीक साखरगोळ्या. पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांत नाताळला मिळणारा प्लम केक डोळ्यांसमोर आणा, त्याच घराण्यातला. गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी, नाहीतर बऱ्यापैकी पैसेवाले जपानी.

१९२२च्या सुमाराला फुजियाने शॉर्टकेक विकायला सुरुवात केली. अमेरिकेतला शॉर्टकेक म्हणजे खुसखुशीत बिस्किटासारखा पाव, मध्ये फळं आणि क्रीम. जपानी हातात त्याचा मऊ स्पंज झाला. कास्तेरावर वाढलेल्या जिभेला खुसखुशीतपेक्षा ओलसर, तोंडात विरघळणारं बरं वाटणार, हे उघड आहे. पहिला जपानी शॉर्टकेक कोणाचा यावर वाद आहेत. फ्रान्सला जाऊन शिकून आलेले ‘कोलोंबां’चे संस्थापक कादोकुरा कुनितेरु यांचंही नाव घेतलं जातं. त्या वादात मी पडत नाही. महत्त्वाची गोष्ट ही की १९२०च्या दशकात लाल-पांढऱ्या मऊ केकचा साचा शहरात तयार होता.

त्याच दशकात एक योगायोग घडला. २५ डिसेंबर १९२६ला सम्राट ताइशो वारले. पुढच्या वर्षापासून त्यांच्या पुण्यतिथीची सुट्टी २५ डिसेंबरला आली आणि १९४७पर्यंत टिकली. म्हणजे नाताळला सुट्टी होती, पण कारण नाताळ नव्हतं. शहरी मध्यमवर्गाने त्या सुट्टीचा उपयोग करून घेतला. गिंझाच्या कॅफेंत आणि हॉटेलांत मेजवान्या रंगल्या. १९३७ साली चीनशी युद्ध पेटलं, चैनीवर वक्रदृष्टी आली, साखर मोजून मिळू लागली आणि हे सगळं विझलं.

युद्ध संपलं तेव्हा देश उपाशी होता. २४ डिसेंबर १९४६ रोजी टोकियोच्या नागाताचो प्राथमिक शाळेत एक छोटा समारंभ झाला. ‘लारा’ या मदतसंस्थेने परदेशातून पाठवलेलं खाद्यसामान शाळेतल्या मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी सुपूर्द करण्यात आलं. जपानची युद्धोत्तर शालेय जेवणाची योजना त्या दिवसापासून मोजतात. नाताळच्या आदल्या दिवशी, हाडं दिसणाऱ्या मुलांच्या ताटात परदेशी दूध-अन्न पडणं, ही प्रतिमा एका पिढीच्या मनात किती खोल गेली असेल याचा विचार केल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. अमेरिकी सैन्य १९५२पर्यंत देशात सत्तेवर होतं. सैनिक मुलांना चॉकलेट वाटत. भरल्या पोटाच्या, गोड वासाच्या त्या जगाचं नाव मुलांच्या लेखी अमेरिका होतं, आणि तिचा सर्वांत मोठा सण नाताळ. हिदेयो कोनागाया या अभ्यासिकेने नाताळच्या केकवर लिहिताना त्याला अमेरिकी सुबत्तेची जपानी परंपरा म्हटलं आहे. मला ते नेमकं वाटतं.

१९५२ साली साखरेवरचं नियंत्रण उठलं, आणि केकवाल्यांचे हात मोकळे झाले. १९५०च्या दशकातला नाताळ सुरुवातीला पुरुषांचा होता. ऑफिसातले बाबू कागदी टोप्या घालून गिंझाच्या बारमध्ये रात्र काढत, आणि घरी जाताना अपराधी मनाने केकचा डबा घेऊन जात. काही वर्षांत वर्तमानपत्रं, दुकानदार आणि बायकाही म्हणू लागल्या की नाताळ घरी साजरा करा. डबा तोच राहिला, बाबा लवकर घरी येऊ लागले. १९६३ साली डेव्हिड प्लाथ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने जपानच्या लोकप्रिय नाताळावर सविस्तर निबंध लिहिला, म्हणजे तोवर तो अभ्यासाचा विषय होण्याइतका मुरला होता. कोंबडीच्या त्या गाजलेल्या जाहिरातीच्या ११ वर्षं आधी.

त्या काळचा केक बटरक्रीमचा. आपल्याकडे इराणी नाहीतर गल्लीतल्या बेकरीत वाढदिवसाला मिळायचा तसाच: घट्ट गुलाबी-पांढरे गुलाब, हिरवी पानं, आणि वर पाकवलेली लाल चेरी. लोण्याच्या जागी बऱ्याचदा मार्गारीन असायचं, त्यामुळे टाळूला चिकटायचा. आज साठी-सत्तरीत असलेले जपानी लोक त्या चवीची आठवण काढतात तेव्हा तोंड जरा वाकडं करतात, आणि डोळे मात्र हसत असतात. ताजं क्रीम टाकायचं कसं? दुकानात थंड कपाट नाही, घरात फ्रिज नाही.

फ्रिजने हा प्रश्न सोडवला. टीव्ही, धुलाईयंत्र आणि फ्रिज यांना त्या दशकात ‘तीन दैवी रत्नं’ म्हणत, राजघराण्याच्या आरसा, तलवार आणि रत्न या तीन पवित्र वस्तूंवरून. १९६०च्या सुमाराला दहातल्या एखाद्याच घरी फ्रिज होता, १९६५ला निम्म्या घरांत, आणि १९७०ला जवळपास ९० टक्के घरांत. दुकानांतही थंड काचकपाटं आली. दहा वर्षांत बटरक्रीम मागे पडलं आणि ताज्या क्रीमचा केक पुढे आला.

उरली स्ट्रॉबेरी, आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय. स्ट्रॉबेरी मुळात वसंताचं फळ. जपानमध्ये मोकळ्या शेतात ती मे महिन्यात पिकते. मग डिसेंबरच्या केकवर ती येते कुठून? शिझुओकाच्या कुनोझान डोंगराच्या दक्षिण उतारावर शेतकऱ्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दगडी बांध घालून, त्यांच्या फटींत रोपं लावून, उन्हाने तापलेल्या दगडाच्या उबेवर हिवाळी फळ काढायला सुरुवात केली होती. पण सगळ्या देशाच्या केकला ती पुरणारी नव्हती. युद्धानंतर प्लास्टिकची हरितगृहं आली, आणि मग रोपाला फसवायची विद्या पक्की झाली. दिवस लहान झाले आणि हवा गार झाली की स्ट्रॉबेरीला वाटतं हिवाळा आला, आणि ती फुलाची तयारी करते. म्हणून ऐन उन्हाळ्यात, ऑगस्टच्या उकाड्यात, शेतकरी रोपांचे ट्रे संध्याकाळी गार, अंधाऱ्या खोलीत ढकलतात आणि सकाळी पुन्हा उन्हात काढतात. काही आठवडे रोज हा क्रम. रोपाला शरद ऋतू आल्याचा भास होतो, सप्टेंबरात ते लागवडीला लागतं आणि डिसेंबरात लाल होतं. १९८०च्या दशकात लवकर पिकणाऱ्या ‘तोयोनोका’, ‘न्योहो’ अशा जाती आल्या आणि गणित पूर्ण बसलं. आज जपानच्या स्ट्रॉबेरीचा हंगामच नाताळाभोवती फिरतो. डिसेंबरात भाव सर्वांत चढा, आणि फळाचा नैसर्गिक महिना मे हा हंगामाचा शेपूट होऊन बसलाय. महाबळेश्वरच्या शेतकऱ्याला यातली मेहनत वेगळी सांगायला नको. एका केकने एका पिकाचं वर्ष उलटं फिरवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

लाल आणि पांढरा हा जोड जपानमध्ये आधीपासूनच मंगल. लग्नात, सत्काराला लाल-पांढऱ्या मोचीची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताच्या गोळ्यांची, जोडी देतात, पाकिटावरची गाठही लाल-पांढरी. राष्ट्रध्वजही तसाच. त्यामुळे क्रीमवर स्ट्रॉबेरी ठेवलेला केक डोळ्याला परका वाटलाच नाही. मोबाइलवर आपण सगळे वापरतो ते केकच्या तुकड्याचं चित्रही याच शॉर्टकेकचं, कारण ती चित्रलिपी जपानी मोबाइल कंपन्यांनी घडवली. आणि दर महिन्याची २२ तारीख ‘शॉर्टकेकचा दिवस’ मानतात. कॅलेंडरात २२च्या बरोबर वर १५ असते. १ म्हणजे ‘इचि’, ५ म्हणजे ‘गो’, आणि ‘इचिगो’ म्हणजे स्ट्रॉबेरी. २२च्या डोक्यावर कायम स्ट्रॉबेरी.

आता कोंबडी. टर्की जपानमध्ये फारशी पाळत नाहीत, आणि समजा आणली तरी भाजायची कुठे? जपानी स्वयंपाकघरात मासळी भाजायचा अरुंद खण असतो, मोठा ओव्हन नसतो. टर्कीच्या जागी कोंबडीची तंगडी आधीच आली होती. शहरातल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या खानावळींत आणि खाटकांकडे नाताळला भाजलेली तंगडी मिळे, हाडाच्या टोकाला चंदेरी कागद आणि फीत बांधलेली, हाताला तेल लागू नये म्हणून. युद्धापूर्वी कोंबडी महाग होती, कारण ती अंड्यांसाठी पाळत आणि म्हातारी झाली की कापत. १९६०च्या दशकात अमेरिकेतून मांसासाठीच्या ब्रॉयलर जाती आल्या, मोठ्या पोल्ट्र्या उभ्या राहिल्या आणि तळलेली कोंबडी, म्हणजे काराआगे, रोजच्या जेवणात आली.

या तयार जमिनीवर केंटकी फ्राइड चिकन उतरलं. १९७०च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात कंपनीने प्रायोगिक दुकान चालवलं. मित्सुबिशी कॉर्पोरेशनच्या भागीदारीत जपानी कंपनी स्थापन झाली, आणि नोव्हेंबर १९७०मध्ये नागोयात पहिलं दुकान उघडलं. ते चाललं नाही. व्यवस्थापक होते ताकेशी ओकावारा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ती इमारत बघून लोकांना हे दुकान कशाचं तेच कळत नसे, असं त्यांनी पुढे सांगितलं. परदेशी वस्ती असलेल्या कोबेमध्ये दुकान गेलं तेव्हा जम बसू लागला.

नाताळची कल्पना कोणाची, याच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. कंपनीच्या सांगण्यानुसार एका परदेशी गिऱ्हाइकाने म्हटलं की इथे टर्की मिळत नाही, म्हणून नाताळला तुमची कोंबडी नेतो, आणि ते विक्रीवाल्याने हेरलं. ओकावारा यांची गोष्ट वेगळी. एका बालवाडीच्या नाताळ कार्यक्रमाला कोंबडी पुरवताना ते सांताच्या वेषात गेले, मुलं नाचली, दुसऱ्या शाळांतूनही बोलावणी आली. पुढे टीव्हीवर विचारलं गेलं, पश्चिमेत नाताळला तळलेली कोंबडी खातात का? त्यांनी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. त्या उत्तराची आपल्याला खंत वाटते, हे त्यांनी २०१८च्या एका अमेरिकी पॉडकास्टमध्ये बोलून दाखवलं. ओकावारा पुढे १९८४ ते २००२ जपानी कंपनीचे अध्यक्ष होते. देशव्यापी मोहीम १९७४ची, ‘ख्रिसमसला केंटकी’ या साध्या ओळीची. दुकानाबाहेरच्या कर्नल सँडर्सच्या, म्हणजे कंपनीच्या संस्थापकाच्या, पुतळ्याला लाल डगला चढला. पांढरी दाढी आणि पोट आधीच होतं.

मोहीम इतकी का रुजली याचं उत्तर मला त्या डब्याच्या आकारात दिसतं. एका डब्यातून सगळ्यांनी हाताने खायचं. जपानी जेवणात सणाला एका भांड्याभोवती बसायची सवय आहे: थंडीत नाबे, म्हणजे मधोमध उकळणारं मोठं पातेलं, हेच करतं. रोज आपापल्या वाट्यांत जेवणारं घर वर्षातून एकदा कोंबडीच्या डब्याभोवती बसलं, यात अनोळखी काही नव्हतं. सुट्टीची सोयही झाली. १९८९ ते २०१८ या काळात २३ डिसेंबर हा सम्राट अकिहितो यांच्या वाढदिवसाचा सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे कित्येक घरं नाताळचं जेवण २३लाच उरकत. २०१८ साली २० ते २५ डिसेंबर या सहा दिवसांत कंपनीच्या जपानी दुकानांची विक्री सुमारे ६.९ अब्ज येन झाली. नाताळला तिथली कोंबडी खाणारी कुटुंबं ३६ लाखांच्या घरात, असा अंदाज सांगितला जातो. तरीही बरीच घरं सुपरमार्केटची तंगडी, कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातलं तळण, पिझ्झा, नाहीतर सुशीही आणतात.

मुलांच्या बाटलीची गोष्ट छोटी आहे. युद्धानंतर लिंबूपाण्याच्या कारखान्यांनी बिनदारूचं फसफसतं पेय ‘सॉफ्ट शॅम्पेन’ नावाने काढलं. फ्रान्सने नावाला हरकत घेतली, कारण शॅम्पेन हे त्यांच्या प्रदेशाचं नाव. मग शॅम्पेन आणि ‘मेरी ख्रिसमस’मधलं ‘मेरी’ जोडून ‘शानमेरी’ झालं. बूच ‘पॉप’ करून उडालं की नाताळ सुरू झाला, ही जपानी मुलांची पक्की खूणगाठ.

१९८०च्या भरभराटीत २४ तारखेची रात्र प्रेमिकांची झाली. फ्रेंच जेवण, हॉटेलची खोली, महिनोन् महिने आधी आरक्षण. त्याच काळात एक जिव्हारी लागणारा शब्दप्रयोग चालला: पंचविशी ओलांडलेली अविवाहित मुलगी म्हणजे ‘नाताळचा केक’, २५ नंतर कोणी घेत नाही. १९८०मध्ये जपानी स्त्रीचं पहिल्या लग्नाचं सरासरी वय २५च्या आसपास होतं, आता ते तिशीला टेकलंय. बायकांनी आपल्या वागण्यानेच ती म्हण मोडून काढली, याचा आनंद वाटतो.

केक मात्र अजून तारखेला बांधलेला आहे, आणि त्यामुळे वाया जाण्याचा प्रश्न मोठा. म्हणून आता दुकानं सप्टेंबर-ऑक्टोबरपासून नोंदणी घेतात आणि नोंदणीपुरतेच केक करण्याकडे कल वाढलाय. गोठवून घरपोच पाठवायची पद्धतही आली. २०२३ साली एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरने असे सुमारे २,९०० केक पाठवले आणि त्यांतले ८००हून अधिक घरी पोचले तेव्हा ढासळलेले होते. क्रीम घसरलेलं, स्ट्रॉबेरी डब्याच्या कोपऱ्यात. त्या फोटोंनी देश हळहळला, आणि दोन-तीन दिवसांत स्टोअरच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांसमोर वाकून माफी मागितली. पाच हजारांहून अधिक येनच्या केकसाठी हे जास्त वाटेल. पण लोकलमध्ये डबा कलू नये म्हणून तासभर हात ताणून उभा राहिलेला माणूस आठवला, की ते वाकणं समजतं.

शाळांत सत्राच्या शेवटच्या दिवसांत दुपारच्या जेवणात आजही कोंबडी आणि केकचा तुकडा येतो. बऱ्याच ठिकाणी मुलांना आधी विचारून ठेवतात: स्ट्रॉबेरी, चॉकलेट की गोठवलेलं फळ? मुलं आठवडाभर त्यावर चर्चा करतात. नागाताचोच्या शाळेतल्या त्या दुपारीही तारीख डिसेंबरचीच होती. २५च्या रात्री दुकानांत उरलेल्या केकवर निम्म्या किमतीच्या पिवळ्या चिठ्ठ्या लागतात, आणि २६ला सकाळी कपाटं उघडतात तेव्हा तिथे नववर्षाच्या मोचीचे गोळे, काळ्या सोयाबीनच्या बरण्या आणि लाल-पांढऱ्या कामाबोकोच्या, म्हणजे वाटलेल्या मासळीच्या, वड्या मांडलेल्या असतात.